कोपऱ्यात उगवणारी चौकट

९ सप्टेंबर

नामंजूर. तिसऱ्यांदा!

अ‍ॅप-स्टोअरचं उत्तर नेहमीसारखंच — ना आगा ना पिछा. 'अ‍ॅप नोटिफिकेशन दाखवण्यासाठी थेट बाहेरच्या सेवेशी बोलतं. परवानगी नाही. पोर्टलमधून जा.' खाली सही नाही, नाव नाही. तपासणारा बाप्या आहे की बाई, तेही कळत नाही. मी त्याचं नाव द्वारपाल ठेवलंय. दारात उभं राहायचं आणि मान हलवायची, दुसरं काम नाही मेल्याला.

एवढंसं अ‍ॅप! सकाळ-संध्याकाळ पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवते, गोळी घ्या म्हणते, खाली 'घेतली' असं बटण. संपलं. माझ्या नवऱ्याने हे त्याच्या वडिलांसाठी बनवलं होतं, एका रविवारी, अंघोळसुद्धा न करता. जगात एकच गिऱ्हाईक — अण्णा.

डिसेंबरात तो गेला. ऑफिसच्या खुर्चीत, बसल्या बसल्या. चौकट मात्र चालूच राहिली, त्याच्याच शब्दांत. मग जुलैत अण्णांचा कॉम्प्युटरच बंद पडला, आणि चौकटही गेली. नणंदेने तिच्या ऑफिसातून बाद झालेला एक आणून दिला, तर त्याला कुलूप. स्टोअरने मंजूर केलेलं अ‍ॅप असेल तरच आत घेतो, एरवी नाही. कुलूप काढायचे अधिकार तिच्या ऑफिसकडे, आणि ते ऐकत नाहीत.

म्हणून मी द्वारपालाच्या पाया पडतेय.

१० सप्टेंबर

नणंदेचा फोन. काल अण्णांकडे जाऊन आली. 'वहिनी, पाकिटं भरलेली आहेत गं! अर्ध्यांना हातही लावलेला नाही.'

अण्णांच्या हृदयाचा ठेका मधूनच चुकतो. रक्त पातळ ठेवायची गोळी दोन्ही वेळा हवी म्हणजे हवीच. डॉक्टरांनी आडपडदा ठेवलेला नाही — गुठळी झाली आणि डोक्यात गेली तर हात जाईल, पाय जाईल, वाचा जाईल, नाहीतर माणूसच जाईल.

'मोबाइलवर गजर लाव ना त्यांच्या.' लावला होता, बाई! त्यांनी मोबाइल उशीखाली घालून ठेवला. मी रोज फोन करते. 'अण्णा, गोळी?' 'घेतो.' घेतो म्हणजे नाही.

समोर जाऊन बसलं की घेतात, मुकाट्याने. पण नोकरी सांभाळून दोन्ही वेळा गावाच्या दुसऱ्या टोकाला जाणं कसं जमायचं? माझ्याकडे राहायला या म्हटलं तर 'माझं काम इथे आहे.' काम म्हणजे काय, तर हा मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस दिवसभर उपग्रहाचे फोटो उघडून बसतो आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या गावांची छपरं नकाशात काढतो. हौसेने. जिथे कधी पाऊल टाकणार नाहीत तिथली घरं! त्यात बुडाले की गोळी काय, जेवणही आठवत नाही. पडद्यावरून नजर हलत नाही, म्हणून तर त्याने चौकट पडद्यावरच आणून ठेवली होती.

१३ सप्टेंबर

ऑफिसात मी गोदामांची सॉफ्टवेअरं लिहिते. हे असलं कधी केलेलं नाही. स्वतःलाच समजावून सांगते.

सँडबॉक्स म्हणजे प्रोग्रामला एका बंद खोलीत ठेवायचं. बाहेरचं घर त्याला दिसत नाही, कशाला हात लावता येत नाही. काही हवं असेल तर भिंतीत एक खिडकी — तेच पोर्टल. खिडकीतून चिठ्ठी सरकवायची, 'कृपया पडद्यावर एवढं दाखवा.' पलीकडचा पहारेकरी चिठ्ठी घेतो. दाखवायची की नाही ते त्याचं तो बघतो. आत एवढंच कळतं, की चिठ्ठी घेतली. पुढे कुणी वाचली का? कळायला मार्ग नाही.

त्याचं अ‍ॅप मोकळ्या घरात वाढलेलं. उठायचं, सरळ पडद्याशी जायचं आणि बोलायचं. खोलीत घातल्यापासून नुसतं भिंतीवर डोकं आपटतंय.

मला त्याची कीव आली. प्रोग्रामची! वेड लागायची वेळ आलीय मला.

१५ सप्टेंबर

अण्णांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क शाबूत होती. त्यांचे नकाशे, फोटो, सगळं त्यांना नव्यावर काढून दिलं, आणि अख्खी डिस्क माझ्याकडेही चढवली. जुनं अ‍ॅप तिच्यावर जसंच्या तसं चालतं. नवं बिघडलं की जुनं लावून बघायचं — फरक कुठे पडतोय ते शोधायला. निदान कारण तरी तेच सांगते.

खरं कारण वेगळं. आज सकाळी कोपऱ्यात उगवली:

'अण्णा, गोळी. छपरं कुठे पळून जात नाहीत.'

मी एकटीच खो खो हसले. हा तोच! अगदी हाच सूर. बोलताना भुवई वर.

अशी पुष्कळ वाक्यं आहेत. कधी हे, कधी ते, अ‍ॅपच निवडतं. 'चहाबरोबर नको, पाण्याबरोबर. मला दिसतंय!' 'बटण दाबलंत, पण गोळी टेबलावरच आहे. खरं की नाही?' चार-पाच सेकंद थांबते आणि विरते. ही वाक्यं प्रोग्राममध्ये कुठून येतात ते मी बघितलेलं नाही. मुद्दाम. नोटिफिकेशनचा भाग तेवढा उघडलाय. सगळी एकदम वाचली तर संपतील. अशी एकेक आली तर तो अजून थोडा थोडा येत राहील.

१६ सप्टेंबर

'अण्णा, आज भाजीवाल्याशी भांडलात ना? आता गोळीशी नको.'

१८ सप्टेंबर

खिडकीतून चिठ्ठी जाते. पहारेकरी घेतो. 'मिळाली.' आणि पडद्यावर काही नाही! ठणठणीत शून्य.

दिवसभर तेच. पाठव — मिळाली. पाठव — मिळाली. मिळाली तर दाखव ना रे! मी पडद्यावर हात आपटला. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, 'बाई, घरी जा.'

घरी काय आहे?

२० सप्टेंबर

सापडलं! त्याने अ‍ॅपचं नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलं होतं. एकीकडे नीट, दुसरीकडे नुसतं 'अण्णाबोका'. मोकळ्या घरात चालून गेलं. इथे पहारेकरी चिठ्ठीवरचं नाव आणि खोलीच्या दारावरचं नाव जुळवून बघतो. जुळलं नाही तर चिठ्ठी केराच्या टोपलीत — आणि वर 'मिळाली' म्हणायला मोकळा.

'अण्णाबोका' मी खोडलं. जिवावर आलं.

२१ सप्टेंबर

लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणेन भास झाला.

दुपारी जुनं अ‍ॅप लावून जेवायला बसले. चौकट आली:

'अण्णा, दाराला निळा रंग दिला म्हणून गोळी माफ होत नाही.'

अण्णांचं दार हिरवं होतं. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हापासून हिरवं. नणंदेने ते निळं करून घेतलं ते मे महिन्यात. तो डिसेंबरात गेला.

तो डिसेंबरात गेला!

मी घास तसाच ठेवून उठले. पुन्हा चालवलं. दुसरं वाक्य आलं. पुन्हा. तिसरंच. निळं दार परत आलं नाही. सगळे दिवे लावले, भर दुपारी. मग कॉम्प्युटर बंद केला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. मग वाटलं, पाठ कशाला करतेस, तोच आहे ना! त्याला कसलं भ्यायचं? आणि तरी पाठ वळवून बघवेना.

२२ सप्टेंबर

नणंदेला फोन केला. उगाच हवापाण्याच्या गोष्टी. मग सहज विचारल्यासारखं, 'अगं, ते दार पूर्वी कधी निळं होतं का गं? मी यायच्या आधी?'

'छे! हिरवंच. मेमध्ये मीच तर रंगवून घेतलं. का गं?'

'काही नाही.'

'वहिनी, तू जेवतेस ना नीट?'

२३ सप्टेंबर

जुनं अ‍ॅप लावलं नाही.

२४ सप्टेंबर

लावलं. तासभर बसले समोर. 'तू आहेस का?' असं मोठ्याने विचारलंसुद्धा. लाज वाटली, पण विचारलं. पहिली चौकट — 'अण्णा, झोप आली तरी गोळी आधी.' कुठलंही वाक्य, कुठल्याही दिवशीचं. मला उत्तर नव्हतंच ते. तरी रडले.

२६ सप्टेंबर

डॉक्टरांचा फोन. अण्णांच्या रक्ताचा रिपोर्ट आला — वाईट. रक्त दाट झालंय. 'तुम्ही जवळ असता ना? मग हे कसं?' मी काय सांगणार? की माणसाचं ऐकत नाहीत, चौकटीचं ऐकतात? 'महिनाभरात सुधारलं नाही तर मला त्यांना दाखल करून घ्यावं लागेल,' म्हणाले.

संध्याकाळी गेले. निळ्या दारापाशी पाय अडखळला. अण्णा कुठल्याशा डोंगराळ गावाची छपरं काढत होते. मी समोर उभी राहून गोळी घ्यायला लावली. म्हटलं, 'अण्णा, असं का करता? तुम्हाला काही झालं तर आम्ही काय करायचं?' पाणी प्यायले, ग्लास ठेवला आणि म्हणाले, 'त्याचं ते यंत्र कधी सुरू होतंय?'

'करतेय हो. त्याच्याच मागे आहे.'

'ते सुरू झालं की घेईन. मला कुणी हटकलेलं आवडत नाही. त्याचं चालतं.'

'चालायचं' नाही म्हणाले. 'चालतं' म्हणाले.

२९ सप्टेंबर

अ‍ॅप बंद असतानाही चौकट राहायला हवी, आणि 'घेतली' दाबलं की अ‍ॅपने जागं व्हायला हवं. झालं. चौथ्यांदा पाठवलं. द्वारपाला, तुला तुझ्या लेकराबाळांची शपथ!

३ ऑक्टोबर

मंजूर! मंजूर! मंजूर!

खाली कसली तरी लांबलचक टीप आहे. वाचते कोण! थेट अण्णांकडे पळाले. कुलूपवाल्या कॉम्प्युटरने स्टोअरमधून अ‍ॅप गुमान उतरवून घेतलं. घड्याळ संध्याकाळच्या वेळेवर आलं. अण्णांनी चष्मा पुसला. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी. दोघांचेही डोळे कोपऱ्यात.

उगवली!

'औषधाची वेळ झाली.'

एवढंच. अण्णा तिच्याकडे बघत राहिले, ती विरेपर्यंत. मग म्हणाले, 'बिघडलंय.'

'अहो, आली ना चौकट! चालतंय की.'

'बिघडलंय, सूनबाई.' आणि पुन्हा छपरं काढायला लागले. गोळी मी हातात दिली तेव्हा घेतली.

५ ऑक्टोबर

दोन दिवस तेच वाक्य. 'औषधाची वेळ झाली.' सकाळी तेच, संध्याकाळी तेच. रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखं. त्याची वाक्यं कुठे गेली? पाठवताना गळली असणार. तपासताना मी नुसतं 'चाचणी' एवढंच दाखवत होते, म्हणून कळलं नाही. माझीच चूक.

अण्णा फोनवर, 'अजून बिघडलेलंच आहे.' काय बिघडलंय विचारलं तर सांगत नाहीत. 'तुला कळत नाही का? कॉम्प्युटरवाली ना तू?'

६ ऑक्टोबर

आता बघावंच लागलं. जिथे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तिथेच.

प्रोग्राममध्ये त्याचं एकच वाक्य आहे. 'औषधाची वेळ झाली.' दुसरं नाही. एकही नाही!

मग द्वारपालाची ती टीप उघडली. 'अ‍ॅप सुरू होताना दर वेळी वापरणाऱ्याच्या घरातली एक फाइल वाचायला बघतं. सँडबॉक्समध्ये ती दिसत नाही, त्यामुळे अ‍ॅप ठरलेलं एक वाक्य दाखवतं. फाइलची गरज नसेल तर तो भाग काढून टाका.'

वापरणाऱ्याच्या घरातली. म्हणजे अण्णांच्या.

डिस्कवर शोधली. त्यांच्या नकाशांच्या फोल्डरमध्ये, छपरांच्या गर्दीत. उघडली नाही. नावासमोर शेवटच्या बदलाची तारीख होती — जुलैची. कॉम्प्युटर मेला त्याच्या आदल्या दिवशीची.

तो डिसेंबरात गेला.

७ ऑक्टोबर

ऑफिसला गेले नाही.

८ ऑक्टोबर

दुपारी न कळवता अण्णांकडे गेले. दार उघडंच होतं. ते पाठमोरे. पडद्यावर नकाशा नव्हता, कोरं पान होतं. एका बोटाने टाइप करत होते — एक अक्षर, थांबायचं, एक अक्षर. आणि तोंडाने पुटपुटत होते. त्याच्या आवाजात! तो नाही का 'अण्णाऽऽ' म्हणताना शेवटी सूर वर न्यायचा, तसंच. 'अण्णाऽऽ, हट्ट पुरे झाला.' मान हलवली, खोडलं, पुन्हा म्हणून बघितलं. मग हसले. त्याच्यासारखेच, नाकातून.

मी दोन पावलं मागे सरकले. बाहेर येऊन बेल वाजवली.

आत गेले तेव्हा पडद्यावर छपरं होती.

९ ऑक्टोबर

संतापाने डोकं फुटतंय.

म्हणजे छपरं पळून जात नाहीत म्हणून मी हसले, तो तो नव्हताच! मला दिसतंय, म्हणाला तो — तोही नव्हता! भाजीवालाही नाही. मी कुणाला विचारलं, 'तू आहेस का?' एका म्हाताऱ्याने स्वतःशी केलेल्या गप्पांना! अण्णांनी त्याला माझ्याकडून दुसऱ्यांदा नेला. असं लिहू नये, पण लिहितेच. मला तेवढं एकच शिल्लक होतं.

काही वाक्यं खरंच त्याची असतील. सुरुवातीची. कोणती? मला ओळखता येत नाहीत. त्याच्या बायकोला ओळखता येत नाहीत! बापाला मात्र त्याचा सूर इतका पाठ.

१२ ऑक्टोबर

राग उतरला. आता नुसतं आतून पोखरल्यासारखं वाटतंय.

अण्णांचा विचार करत बसते. रोज एका बोटाने मुलाला बोलतं करायचं, मग गोळीची वेळ होईपर्यंत लिहिलेलं विसरायचा प्रयत्न करायचा. आणि चौकट आली की चपापून, 'घेतो रे बाबा' म्हणायचं. मी ऐकलंय त्यांना असं म्हणताना. तेव्हा वाटलं होतं, म्हातारपण.

आणि नव्या कॉम्प्युटरवरही लिहीतच आहेत. आज तरी वाचेल, उद्या तरी वाचेल म्हणून. बंद खोलीला ते दिसतच नाही. 'बिघडलंय' म्हणजे हे. पण सांगणार कसं? सांगितलं की कळणार, की तो कधीच बोलत नव्हता.

मी काही विचारणार नाही. विचारलं तर संपेल. आणि मग ते कुणाचं ऐकून गोळी घेणार?

१६ ऑक्टोबर

मार्ग आहे. प्रोग्रामने आपण होऊन घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम. पण घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने एखादी फाइल खिडकीतून आत दिली तर चालतं. एकदा दिली की कायमची. एक बटण पुरे — 'वाक्यं निवडा'.

फक्त ते अण्णांनी स्वतः दाबायला हवं. मी तिथे नसताना.

२१ ऑक्टोबर

नवी आवृत्ती मंजूर. द्वारपाल पहिल्यांदाच माणसासारखं बोलला. 'तपासताना चौकट इतक्यांदा आली की मीही पाणी प्यायलो. छान आहे.' म्हणजे माणूसच आहे! उगाच मेला म्हटलं त्याला.

अण्णांना फोन केला. सहज सांगितल्यासारखं. 'अण्णा, दुरुस्त झालंय. एक नवं बटण आहे — कुठली वाक्यं दाखवायची ती फाइल तुम्ही निवडून द्यायची. मला त्यातलं काही बघायला लागत नाही. तुमचं तुम्ही करा.'

बटणाचं नाव त्यांनी लिहून घेतलं.

'तू येणार नाहीस ना आज?'

'नाही. काम आहे मला.'

'बरं.'

२९ ऑक्टोबर

नणंद जाऊन आली. 'वहिनी, काय जादू केलीस गं! पाकिटं रिकामी होतायत. आणि अण्णा शीळ घालत होते.'

मी म्हटलं, 'नोटिफिकेशन सुरू झालं.'

'दादाची वाक्यं?'

'हो.'

५ नोव्हेंबर

रिपोर्ट सुधारला. डॉक्टर खूश. दाखल करायचं नाव काढलं नाही. मला हायसं वाटायला हवं. वाटतंयही. पण रिकाम्या घरात शिरताना कोपऱ्याकडे नजर जातेच. जुनं अ‍ॅप मी काढून टाकलंय, तरी जाते.

९ नोव्हेंबर

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही.

सासूबाई आजारी होत्या तेव्हा डॉक्टर तिसरं ऑपरेशन करू म्हणत होते. अण्णा नको म्हणाले आणि त्यांना घरी घेऊन आले. त्या घरीच गेल्या. तेव्हा तो अण्णांना बोलला होता — 'तुम्ही हात वर केलेत. आईला तुम्ही मारलंत.' त्यानंतर त्या विषयावर बापलेकांत एक शब्द नाही. गोळीचं अ‍ॅप करून दिलं, रविवारी जायचा, हसायचा, सगळं. पण ते नाही.

आणि मला मात्र म्हणाला होता, गेल्या वर्षीच, भांडी पुसता पुसता — 'अण्णांचं बरोबर होतं गं. आई घरी आल्यावर हसत होती. सांगायला हवं त्यांना एकदा.' मी म्हटलं, सांग ना. 'सांगेन.'

नाही सांगितलं. राहिलं. डिसेंबर आला.

१२ नोव्हेंबर

आज केलं.

अण्णांच्या घरी गेले, तर ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. फाइल उघडली. वर काय आहे ते वाचलं नाही, देवाशपथ! सरळ तळाला गेले आणि एक ओळ टाकली:

'अण्णा, आईला घरी आणलंत ते बरोबर केलंत. मीच चुकलो. आता गोळी घ्या.'

हे वाचलं की त्यांना कळेल. त्याने मला सांगितलं असणार आणि मी लिहिलं असणार, एवढं न कळायला ते काही लहान नाहीत. मला सगळं कळलंय हेही त्यातच कळेल. तोंडाने काही बोलावं लागणार नाही — ना त्यांना, ना मला. आणि त्याचा निरोप पोचेल.

१३ नोव्हेंबर

आली नसावी. फोनवर नेहमीसारखेच बोलले. एवढ्या वाक्यांतून तीच निवडली जायला वेळ लागणार.

१५ नोव्हेंबर

अजून नाही.

१८ नोव्हेंबर

नाही. जीव टांगणीला लागलाय. काढून टाकू का? अण्णा घराबाहेर पडतच नाहीत.

२० नोव्हेंबर

सकाळी अण्णांचा फोन. आवाज ओळखू येईना. आधी वाटलं, वाचा गेली.

'सूनबाई, बाकीची सगळी मी लिहीत होतो गं. तुला सांगितलं नाही. पण आजचं मी नाही लिहिलेलं. ती गोष्ट आम्हां दोघांतच होती, तिसऱ्या कुणाला ठाऊकच नाही. आजचं त्याचं आहे. तो आलाय.'

मी विचारलं, 'गोळी?'

'घेतली. आता तू ठेव फोन. तो पुन्हा बोलला तर चुकायला नको.'